डोंगरावर खाण, वाडीत गाळ: तक्रार कागदावर कशी उभी करायची

कोकणातल्या बहुतेक गावांची रचना सारखीच. वर सडा म्हणजे कातळाचं पठार, खाली डोंगरउतार, उतारावर वाड्या, वाड्यांमधून जाणारा पऱ्या म्हणजे ओढा आणि शेवटी नदी नाहीतर खाडी. सड्यावर चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) निघते किंवा उतारावर काळ्या दगडाची खाण आणि खडी क्रशर बसतो. दोन-तीन पावसाळ्यांत पऱ्याचं पाणी तांबडं नाहीतर राखाडी दिसायला लागतं, मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट) तुंबते, आणि ज्या अंगणात कधी पाणी चढलं नव्हतं तिथं घोटाभर चिखल येतो. गावकरी निवेदन देतात. त्यावर 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा पडतो आणि फाइल कपाटात जाते.

फाइल कपाटात जाण्यात नेहमीच कुणाचा डाव असतो असं नाही. 'खाणीमुळे आमच्या गावात पूर येतो' एवढंच लिहिलेल्या कागदावर अधिकाऱ्याला काही करताच येत नाही. त्यात गट नंबर नसतो, तारीख नसते, माप नसतं. खाणीच्या ढिगापासून तुमच्या पडवीपर्यंत गाळ कुठून कुठे आला, याचा प्रत्येक टप्पा कागदावर जोडलेला असला तरच तक्रार पुढे सरकते. ते जोडायचं कसं, हे पुढे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडकडची असली तरी कायदे साऱ्या महाराष्ट्राला लागू आहेत.

एक खबरदारी सुरुवातीलाच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडालं, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. या घटनांचं खापर सरसकट खाणींवर फोडू नका, निवेदनात त्यांची नावं घालून भीती दाखवू नका. समोरचा तज्ज्ञ तेवढं एकच वाक्य खोडून काढतो आणि त्याबरोबर तुमच्या खऱ्या नोंदीही बाजूला पडतात.

१. मे महिन्यात पाण्याची वाट चालून बघा

पाऊस सुरू व्हायच्या आधी पाच-सहा जणांनी पऱ्या खालून वर, थेट खाणीच्या खालच्या हद्दीपर्यंत चालायचा. सोबत जुना पऱ्या ठाऊक असलेली दोन वयस्क माणसं आणि एक ग्रामपंचायत सदस्य हवाच.

लागणारं सामान: ५० मीटरची टेप, पाच मीटरची लहान टेप, पांढरा ऑइल पेंट आणि ब्रश, पक्क्या बांधणीची वही, गाव नकाशाची प्रत, स्थान आणि वेळ फोटोवर छापणारं कॅमेरा ॲप असलेला मोबाइल.

वाटेतल्या प्रत्येक महत्त्वाच्या जागेला क्रमांक द्या: प १, प २, प ३. प्रत्येक ठिकाणी पऱ्याची रुंदी, खोली, तळाशी साचलेला गाळ आणि जवळचा गट नंबर लिहा. मोरीच्या भिंतीवर तळापासून वर दर १० सेंटिमीटरला पेंटने रेघ मारा. ही रेघाटणी पुढे जुलैत फार कामाला येते.

वर जाताना या गोष्टी शोधायच्या:

- वरची माती, मुरूम आणि चिऱ्यांचा चुरा कुठे टाकलाय? उताराच्या कडेला किंवा थेट पऱ्यात ढीग असेल तर त्याची लांबी, रुंदी, उंची.
- खाणीकडे जाणारा रस्ता पऱ्यावरून जातो का? तिथे पाइप टाकलाय की नुसता भराव? पाइपाचा व्यास मोजा. ६०० मिलिमीटर पाइपाचं तोंड जेमतेम ०.२८ चौरस मीटरचं असतं. पऱ्या ३ मीटर रुंद आणि १ मीटर खोल असेल तर त्याचा छेद ३ चौरस मीटर. म्हणजे पाण्याच्या वाटेचा दहावा हिस्साही उरला नाही. हा एक हिशेब बैठकीत मोठ्या भाषणापेक्षा जास्त काम करतो.
- पऱ्याचा प्रवाह वळवलाय का? गाव नकाशावरची रेघ आणि प्रत्यक्ष वाट ताडून पाहा.
- खाणीच्या खड्ड्यात पाणी साचतं का आणि ते कशाने अडलंय? नुसत्या मातीच्या बांधाने अडवलेला, पाण्याने भरलेला खड्डा वाडीच्या वर असेल तर तो मुद्दा सगळ्यात तातडीचा. त्याचा अर्ज वेगळा आणि लगेच द्या.

खाणीच्या हद्दीत शिरू नका. चिरेखाणीच्या भिंती सरळ उभ्या तासलेल्या असतात आणि कडेची माती कधी सुटेल सांगता येत नाही. शिवाय विनापरवाना प्रवेशाची तक्रार तुमच्यावरच होते. फोटो सार्वजनिक रस्त्यावरून किंवा स्वतःच्या जमिनीतून काढा.

याच फेरीत पुराची दुसरी कारणंही प्रामाणिकपणे तपासा. खाडीजवळच्या गावात भरतीची वेळ, महामार्गाचा भराव, पऱ्यातलं बांधकाम, वरच्या धरणाचा विसर्ग. वाशिष्ठीच्या काठी असाल तर कोयनेच्या वीजगृहांतून येणारं अवजलही त्यात आलं. ही कारणं समोरचे मांडणारच आहेत. ती तुमच्या नोंदीत आधीच असतील आणि 'हे धरूनही प ४ पासून खालचा गाळ खाणीचाच' असं तुम्ही दाखवू शकलात, तर तुमच्या कागदाला वजन येतं.

२. खाण कोणत्या परवानगीवर चालते ते काढा

खाण पूर्ण बेकायदा आहे असं गृहीत धरू नका. बहुतेक ठिकाणी परवानगी असते, पण अटी पाळलेल्या नसतात. अटींचा भंग दाखवणं सोपं असतं, कारण अट त्यांच्याच कागदावर छापलेली असते.

आधी ऑनलाइन सातबारा आणि गाव नकाशा काढून गट नंबर निश्चित करा. मग हे कागद मिळवा:

- खाणपट्ट्याचा किंवा तात्पुरत्या परवान्याचा आदेश. परवाना किती ब्रासचा (ब्रास हे दगड-मातीचं घनमाप) आहे त्यावरून तो तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी देतात.
- मंजूर खाण आराखडा. पायऱ्यांची उंची, खोली, मातीचे ढीग कुठे टाकायचे, हे सगळं त्यात असतं.
- पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि सहामाही अनुपालन अहवाल. हा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू वगैरे) पाच हेक्टरखालच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणात स्पष्ट केलं.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं. क्रशर असेल तर त्याचं वेगळं.
- स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची चलनं आणि महाखनिज प्रणालीवरून काढलेल्या वाहतूक पासांची यादी.
- जिल्हा सर्वेक्षण अहवाल.
- ग्रामपंचायतीने कधी काळी दिलेला ना-हरकत दाखला. हा आधी शोधा. जिल्हाधिकाऱ्यांसमोर तो पहिल्यांदा दिसला की गावाची मान खाली जाते.

पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर शोधता येतात. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची अट बहुतेक पत्रांत असते, म्हणून ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, आवक नोंदवहीही पाहा.

बाकीचं माहिती अधिकारातून. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे महसूल, प्रदूषण मंडळ आणि ग्रामपंचायत यांना वेगवेगळे अर्ज टाका. 'खाण का बंद केली नाही?' असं विचारलंत तर उत्तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं येईल. कागद मागा: 'गट नंबर अमुक येथील खाणपट्ट्याचा आदेश, मंजूर खाण आराखडा आणि गेल्या तीन वर्षांची स्वामित्वधन चलने यांच्या साक्षांकित प्रती.' सोबत 'संपूर्ण फाइलचं अवलोकन करायचं आहे' हेही लिहा. फाइल स्वतः चाळली की कुठला कागद नाही तेही कळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टँपसह.

आदेश हातात आला की त्याचा प्रकार बघा. एकाच गटात किंवा शेजारच्या गटांत लागोपाठ छोटे तात्पुरते परवाने घेतलेले असतील तर सगळ्यांची बेरीज तारखेनुसार एका कागदावर मांडा. तसंच एकमेकांपासून ५०० मीटरच्या आतल्या खाणी पर्यावरण मंजुरीसाठी एकत्र धरायच्या असतात. त्यांचं एकत्रित क्षेत्र ५ हेक्टरच्या वर जात असेल तर पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी झाली का, हा प्रश्न लेखी विचारा.

गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा यादीत आहे का तेही पाहा. मसुदा ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा निघाला, अंतिम अधिसूचनेची वाट पाहू नका. या क्षेत्रात नव्या खाणींना मंजुरी देऊ नये असे केंद्राचे निर्देश १३ नोव्हेंबर २०१३ पासून आहेत. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या गावांना ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू होतो आणि तिथे गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. सड्यावर कातळशिल्पं असतील तर पुरातत्त्व विभागालाही स्वतंत्र पत्र द्या. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

३. पावसाळाभर नोंद ठेवा

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. जून ते सप्टेंबर, दोन जणांनी आलटून पालटून.

पाऊस. सगळीकडे सारख्या व्यासाचा डबा मोकळ्या जागी, झाडापासून आणि छपरापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच, पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा, डबा रिकामा करा. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली निमुळती असते. तुमच्या महसूल मंडळाचा सरकारी आकडाही शेजारी लिहा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं. पण मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या डोंगरापासून दहा किलोमीटर लांब असू शकतं, म्हणून स्वतःची नोंद हवीच.

मोरीवरची पातळी. जोराचा पाऊस असेल तेव्हा पेंटच्या रेघेवर पाणी कुठे आहे त्याचा फोटो. दिवस गेला तरी वेळ चुकवू नका: पाऊस किती वाजता वाढला आणि पाणी किती वाजता चढलं, हे अंतर महत्त्वाचं. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. रानातली जमीन, मुळं, पालापाचोळा त्यातलं काही धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. उघड्या कातळावरचं पाणी जवळपास सगळं आणि ताबडतोब खाली येतं. तीन वर्षांच्या नोंदीत हे अंतर कमी होत गेलेलं दिसलं तर तुमच्या हाती मोठी गोष्ट आली.

गाळाच्या बाटल्या. हा प्रयोग कुठल्याही शाळकरी पोराला जमेल आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला की लगेच लक्षात येतो. एक लिटरच्या सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या, लेबलं काढा. एकाच वेळी तीन ठिकाणचं पाणी भरा: खाणीच्या वरच्या अंगाला पऱ्यातून, खाणीच्या लगेच खाली आणि वाडीतल्या मोरीपाशी. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि भरणाऱ्याचं नाव मार्करने लिहा. २४ तास न हलवता ठेवा, मग तळाशी बसलेला थर मिलिमीटरमध्ये मोजा. वरच्या बाटलीत केसाएवढी रेघ आणि खालच्या बाटलीत दोन बोटं तांबडी माती असेल तर गाळ कुठून शिरतो ते सांगावं लागत नाही. वरच्या अंगाची बाटली विसरू नका. ती नसेल तर 'डोंगरातून माती येतेच' हे उत्तर तयार असतं. शेजारच्या, वर खाण नसलेल्या पऱ्याची चौथी बाटली भरता आली तर फारच छान.

एका दिवसाच्या बाटलीने काही सिद्ध होत नाही. मोसमात किमान आठ-दहा वेळा भरा, कमी पावसाच्या दिवशीही.

फोटो सांभाळण्याची रीत वेगळी सांगावी लागते, कारण चांगले पुरावे इथेच वाया जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातली वेळ-स्थानाची मूळ माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये काढली तिथे आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे न्यायालयात जावं लागलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र फोटो काढणाऱ्याला द्यावं लागतं, म्हणून कोणता फोटो कोणी काढला ते वहीत असू द्या.

खाणीच्या बाजूने काय काय नाही, तेही टिपा. पर्यावरण मंजुरीत साधारणपणे खाणीभोवती पाणी वळवणारा चर, गाळ बसण्याची टाकी आणि पावसाळ्याआधी ती उपसण्याची अट असते. चर आहे का? टाकी भरून वाहते का? आराखड्यात पायऱ्या लिहिल्या आहेत आणि प्रत्यक्षात एकच उभी भिंत आहे का? समोरच्या रस्त्यावरून, एकाच जागेवरून दर पंधरा दिवसांनी एक फोटो.

४. खड्डा मोजा, ब्रास काढा

खाणीने किती दगड काढला आणि किती दगडाचं स्वामित्वधन भरलं, यातली तफावत महसूल खात्याला दुर्लक्षिता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार अवैध उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

संगणकावर गूगल अर्थ प्रो उघडा. त्यात जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात. प्रत्येक वर्षाच्या चित्रावर खड्ड्याभोवती रेघ आखून क्षेत्रफळ लिहा. खोलीचा अंदाज लांबून काढलेल्या फोटोतल्या यंत्राच्या किंवा ट्रकच्या उंचीवरून येतो.

समजा खड्डा ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि ६ मीटर खोल आहे. म्हणजे १४,४०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. भागाकार आला सुमारे ५,०८८ ब्रास. चलनं २,००० ब्रासची असतील तर विचारण्यासारखं नक्कीच आहे.

हा आकडा अंदाज म्हणूनच मांडा. वरच्या मातीचा थर त्यातून वजा करावा लागतो. उलट बाजूने, दगड फुटला की फुगतो, त्यामुळे खड्ड्यातल्या एका ब्रासचे ट्रकमध्ये एकाहून जास्त ब्रास होतात. अर्जात 'इतकी चोरी झाली' असं लिहू नका. 'उपग्रहचित्रांवरून असा अंदाज येतो, तरी या गटाची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राने) मोजणी करून अहवाल द्यावा आणि मोजणीची तारीख ग्रामपंचायतीला कळवावी' अशी मागणी करा. मोजणीच्या दिवशी गावाचे दोन प्रतिनिधी हजर हवेत. हद्दीचे खांब जागेवर आहेत का, हे त्यांनी तिथेच बघायचं. खांब सरकवलेले असले तर मोजणी कितीही अचूक असो, उपयोग नाही.

५. पाणी शिरलं त्या दिवशी

आधी माणसं आणि गुरं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तो प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवा. पुरावे नंतर.

पाणी ओसरल्यावर साफसफाईची घाई असते, ते साहजिक आहे. पण झाडू लावायच्या आधी प्रत्येक घरात तीन गोष्टी करा. भिंतीवर पाण्याची ओल जिथवर चढली तिथे पेन्सिलने रेघ, तारीख आणि जमिनीपासूनची उंची. गाळात मोजपट्टी उभी रोवून फोटो. आणि मूठभर गाळ स्वच्छ बरणीत भरून, घरमालकाचं नाव आणि तारीख टाकून बाजूला.

हा गाळ हातावर घेऊन पाण्याखाली धुवून बघा. नदीतली वाळू-खडी घासून गोल झालेली असते. क्रशरची कच धारदार, कोनेदार असते, बोटाला टोचते, आणि राखाडी भुकटी नखांत बसते. भातखाचरात असे टोचणारे खडे सापडले तर पाच-सहा खाचरांतले नमुने वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा.

पंचनाम्याला तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, येतील. छापील नमुन्यात नुकसान लिहिलं जातं, गाळ कसला आणि कुठून आला याला रकाना नसतो. तेव्हा शेरा म्हणून 'घरात अमुक इंच जाडीचा तांबडा गाळ व दगडाची कच आढळली' एवढं वाक्य लिहून घ्या. कारण लिहिण्याचा आग्रह धरू नका, ते त्यांच्या अधिकारात नसतं आणि वाद घालण्यात पंचनामाच राहून जातो. जे दिसलं तेवढं लिहिलं गेलं तरी पुरे. पंच म्हणून सही करण्याआधी पूर्ण वाचा, रिकाम्या जागांवर आडवी रेघ मारा, प्रत मागा.

६. ग्रामसभेचा ठराव नीट करा

घोषणेसारखा ठराव टिकत नाही. ठरावात गट नंबर, परवानगीचा क्रमांक, कोणत्या अटींचा भंग आणि नेमकी मागणी यायला हवी. उदाहरणार्थ: 'गट नंबर अमुक मधील मातीचे ढीग ३१ मे पूर्वी हलवावेत, खाणरस्त्याखालील पाइप काढून पऱ्याच्या मूळ रुंदीएवढी मोरी बांधावी, तोपर्यंत उत्खनन थांबवावे.' सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, उपस्थितांच्या सह्या. गणपूर्ती झाल्याची नोंद इतिवृत्तात असल्याची खात्री करा. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. गणपूर्ती नव्हती या एका कारणावर ठराव बाजूला ठेवले जातात.

आधी होणाऱ्या महिला सभेतही विषय घ्या. विहिरीचं पाणी गढूळ कधी झालं, कपड्यांवर धूळ कोणत्या महिन्यापासून बसते, हे बायकांना तारखेनिशी माहीत असतं आणि त्या नोंदी इतर कुठेही नसतात.

पेसा क्षेत्राबाहेर ग्रामसभेचा ठराव प्रशासनावर बंधनकारक नसतो. तरीही पुढे प्रत्येक कार्यालयात तो पहिल्या पानाला जोडायचा आहे.

गावातल्याच पाच-दहा घरांचं पोट खाणीवर असतं. कुणाचा टेंपो, कुणाची मजुरी, कुणी जमीन दिलेली. त्यांना बैठकीला बोलवा, मागण्या त्यांच्यासमोर वाचा. त्यांना शत्रू ठरवलं की खाणवाल्याचं काम गावच करून देतं.

७. कुणाकडे काय मागायचं

एकच निवेदन दहा जणांना पाठवू नका. प्रत्येकाकडे त्याच्या अधिकारातलंच मागा.

- तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी: ईटीएस मोजणी, हद्द निश्चिती, अवैध उत्खननावर दंड.
- प्रांताधिकारी: सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. पऱ्यातला ढीग, तुंबवलेली मोरी यांसाठी हा मार्ग फार कमी लोक वापरतात, तो वापरा.
- जिल्हाधिकारी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून: वाडीच्या वर पाण्याने भरलेला खड्डा, सुटलेला उतार.
- प्रदूषण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय: क्रशरची धूळ, पऱ्यात सोडलेलं गढूळ पाणी, संमतीच्या अटी.
- राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण: पर्यावरण मंजुरीच्या अटींचा भंग.
- खाण सुरक्षा महासंचालनालय: सुरुंग आणि उभ्या भिंती.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा: विहिरींची पातळी खाली गेली असेल तर.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर नम्रपणे पोच मागा, नाहीतर तिथूनच पोस्टात जाऊन रजिस्टर करा. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. खाली काम अडलं असेल तर तिथे न्या, पोच मिळालेल्या जुन्या अर्जांच्या प्रतींसह.

मोरी, संरक्षक भिंत, गाळ काढणं यासाठी पैसे नाहीत असं उत्तर आलं तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून काम मागा. तो निधी खाणबाधित गावांसाठीच असतो.

८. हरित न्यायाधिकरण आणि मुदतीचा सापळा

महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. वकिलाशिवायही उभं राहता येतं, पण कागद इंग्रजीत द्यावे लागतात, तेव्हा पंचनामे आणि ठराव यांची भाषांतरं आधीपासून करत राहा.

अनेक गावं इथे मुदतीवर हरतात. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खालच्या अर्जाला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, त्यावर ६० दिवस. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षं. 'साहेबांनी आश्वासन दिलंय, पावसाळ्यानंतर बघू' यात सहा महिने सहज जातात. तेव्हा पहिला अर्ज दिला त्या दिवशीच कॅलेंडरवर सहाव्या महिन्याला खूण करा आणि चौथ्या महिन्यात वकिलाला भेटा.

९. रस्त्यावर उतरताना

साखळी उपोषण, धरणं, मोर्चा यांची लेखी सूचना पोलीस ठाण्याला आणि तहसीलला द्या, पोच घ्या. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का ते आधी विचारा. ट्रक अडवणं, चाकातली हवा सोडणं, चालकाशी झटापट करणं हे कधीच नको. चालक हा दुसऱ्या गावचा मजूर असतो, आणि त्या एका प्रसंगाने गावातली पोरं वर्षानुवर्षं तारखांना जात राहतात. चिपळूणच्या नागरिकांनी २०२१ च्या डिसेंबरात वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं आणि त्यानंतर गाळ काढण्याचं काम सुरू झालं. मागणी एक आणि मोजता येण्यासारखी होती.

धमकी आली तर तोंडी परत बोलू नका. तारीख, वेळ, शब्द लिहून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज. सगळे अर्ज एकाच माणसाच्या नावाने करू नका, पाच-सहा जणांनी वाटून घ्या.

१०. आदेश निघाल्यावर

'ढीग हलवावेत' असा आदेश निघतो आणि ढीग पन्नास मीटर सरकवून पुन्हा उतारावरच ठेवला जातो. म्हणून आदेशात जागा, मुदत आणि पाहणी कोण करणार हे यावं यासाठी आधीच्या सुनावणीतच आग्रह धरा. पाहणीच्या दिवशी तुमची वही, प १ ते शेवटच्या क्रमांकापर्यंतची मापं आणि मोरीवरच्या रेघा अधिकाऱ्यांना जागेवर दाखवा. पाहणीची टिपणी तिथेच, गावात बसून लिहून घ्या. कार्यालयात परतल्यावर लिहिलेल्या टिपणीत पऱ्याचा उल्लेख गळतो.

खाण थांबली तरी उघडा उतार पुढचे काही पावसाळे माती सोडतच राहतो. त्यामुळे पावसाचा डबा, बाटल्या आणि मोरीची मोजदाद पुढे चालू ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात मोऱ्या साफ करायच्या, आणि वरचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा पाऊस चालू असताना पऱ्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर वर कुठेतरी ते अडलंय असं समजून खालची घरं लगेच रिकामी करायची. वरच्या घरातल्या माणसाने कुणाला फोन करायचा, रात्री वीज गेली तर शाळेची घंटा कोण वाजवणार, ही नावं जूनच्या आधी ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.